‘आपण’ हरलो, ‘ते’ हरले

सॅक्रामेंटोत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा हिवाळ्यात इथे नवी मुंबईच्या उलव्यात सकाळचे साडेआठ झालेले असतात. माझी भाची त्या सुमारास बामणडोंगरी स्टेशनवर नेरूळच्या गाडीची वाट पाहत उभी असते. सामना तिच्या मोबाइलवर गाडीत सुरू होतो आणि कॉलेजच्या दोन तासांच्या मध्ये कधीतरी संपतो. मग मला एका ओळीचा निरोप येतो. बरीच वर्षं तो एकाच तऱ्हेचा असे : ‘मामा, आपण हरलो.’

हे ‘आपण’ तिला कुठे मिळालं ते मला ठाऊक आहे. 4 ऑक्टोबर 2019 रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, भारतातला पहिला सामना झाला. हंगामाआधीचाच सामना तो, गुणतालिकेत त्याची नोंद नाही. पण गॅलरीत 70 हून अधिक शाळांमधली 3,000 वर मुलं बसली होती. भाची तेव्हा सातवीत होती आणि शाळेबरोबर गेली होती. एकीकडे इंडियाना पेसर्स, दुसरीकडे सॅक्रामेंटो किंग्ज. तिने किंग्ज निवडले. कारण विचारलं तर म्हणाली, ‘त्यांच्या मालकांचं आडनाव रणदिवे आहे.’ विवेक रणदिवे मुंबईत जन्मले, जुहूला वाढले, अमेरिकेत संगणक-उद्योगात मोठे झाले आणि 2013 मध्ये त्यांनी हा संघ घेतला. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी तो 132-131 असा जिंकला. घरी आल्या आल्या तिने चपला काढायच्या आधी सांगितलं, ‘आपण एका गुणाने हरलो.’ ज्या संघाचं नाव सकाळी धड उच्चारता येत नव्हतं, तो संध्याकाळी ‘आपण’ झाला होता.

2025 च्या एप्रिलमध्ये, किंग्ज आपल्याच कोर्टवर डॅलसकडून हरून बाद फेरीच्या दारातून परतले, तेव्हा तिचा निरोप आला : ‘ते हरले.’

एका सर्वनामाच्या या बदलाचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. सतत हरणाऱ्या संघाचा चाहता नेमका कशाने वैतागतो? त्या वैतागाचं पुढे काय होतं? आणि त्यातून काही भलं निघतं का? प्रश्न सॅक्रामेंटोचा वाटतो, पण वरळी, बालेवाडी आणि वानखेडेलाही तो तितकाच लागू आहे.

सोळा हंगामांचा हिशेब

आधी किंग्जचीच गोष्ट नीट मांडायला हवी, कारण व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये चाहत्यांची इतकी दीर्घ परीक्षा क्वचितच कुणी घेतली असेल.

हा संघ मुळात सॅक्रामेंटोचा नाही. रोचेस्टर रॉयल्स या नावाने त्याने 1951 मध्ये एनबीएचं विजेतेपद मिळवलं. तेच पहिलं आणि आजवरचं एकमेव. 1957 मध्ये तो सिनसिनाटीला गेला, 1972 मध्ये कॅन्सस सिटी आणि ओमाहाला, 1985 मध्ये सॅक्रामेंटोला. कॅलिफोर्नियाची राजधानी असूनही या शहराला मोठ्या खेळांमधला हा एकच संघ मिळाला, म्हणून शहराने तो जिवापाड जपला. लॉस एंजेलिस लेकर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी शहराची गावंढळ म्हणून टर उडवली, तेव्हा तिथले चाहते गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन गॅलरीत येऊन बसले. अपमानाचाच त्यांनी झेंडा केला.

2002 मध्ये हा संघ शिखराच्या अगदी जवळ होता. क्रिस वेबर, व्लादे दिवाच, पेजा स्तोयाकोविच, माइक बिबी यांचा खेळ पाहायला परक्या शहरांतले लोकही टीव्हीसमोर बसत. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लेकर्सविरुद्ध सहाव्या सामन्याच्या शेवटच्या सत्रात लेकर्सना 27 फ्री थ्रो, म्हणजे नियमभंगाच्या बदल्यातले मोकळे फेक, मिळाले. त्या पंचगिरीची चर्चा आजही थांबलेली नाही. पण सातवा सामना घरच्या कोर्टवर होता. तिथे किंग्जनी 30 पैकी 14 फ्री थ्रो स्वतःच चुकवले आणि जादा वेळेत ते हरले. पहिला राग पंचांवरचा, दुसरा आपल्याच माणसांवरचा. सॅक्रामेंटोचा चाहता हे दोन्ही तेव्हापासून एकत्र बाळगतो.

2006 नंतर उतरण लागली. 2006-07 ते 2021-22 असे सलग 16 हंगाम संघ बाद फेरीत पोचला नाही. एनबीएच्या इतिहासात इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही. या 16 हंगामांत, हंगामी नेमणुका धरून, 11 मुख्य प्रशिक्षक झाले. त्यातले सहा रणदिवे यांच्या काळातले.

चाहत्यांना टोचलं ते इथे. 2014 च्या डिसेंबरमध्ये माइक मलोन यांना काढलं, तेव्हा संघाची कामगिरी 11 विजय, 13 पराभव अशी होती आणि मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स आजारी होता. याच मलोन यांनी 2023 मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. 2018-19 मध्ये डेव्ह येर्गर यांच्या हाताखाली संघाने 39 सामने जिंकले, 13 वर्षांतली सर्वांत चांगली कामगिरी केली, आणि हंगाम संपताच येर्गर गेले. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या क्रमांकाची संधी हाती असताना किंग्जनी लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतलं. डॉन्चिच डॅलसला पोचला आणि पुढे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला.

हरणं एक वेळ पचतं. मात्र दर दीड-दोन वर्षांनी सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं, आधीच्या माणसाने पेरलेलं पुढच्याने उपटायचं, आणि का ते कुणी समजावून सांगायचं नाही, हे पचत नाही. शेतकरी दुष्काळाला दोष देत बसत नाही. बी बदलत राहणाऱ्या भागीदाराला मात्र तो माफ करत नाही.

मग 2022 मध्ये माइक ब्राउन प्रशिक्षक म्हणून आले. संघाने 48 सामने जिंकले आणि तिसऱ्या मानांकनाने बाद फेरी गाठली. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडण्याची प्रथा त्याच हंगामात सुरू झाली. सोळा वर्षं कोरडी गेलेलं शहर त्या झोताकडे पाहायला रस्त्यावर येऊन उभं राहायचं. पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटने सातव्या सामन्यात हरवलं, त्यांच्या स्टीफन करीने 50 गुण केले, तरी चाहते कडू झाले नाहीत. ब्राउन एकमताने वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले.

27 डिसेंबर 2024 रोजी, 13 विजय आणि 18 पराभव अशा स्थितीत, त्यांनाही काढलं. सहा आठवड्यांत संघाचा प्रमुख खेळाडू डीॲरन फॉक्स सॅन अँटोनिओला गेला. एप्रिलमध्ये भाचीच्या ‘आपण’चं ‘ते’ झालं, त्याचं मूळ त्या हिवाळ्यात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. चाहत्यांचा राग नेहमी बरोबर असतो असं नाही. 2022 च्या फेब्रुवारीत टायरीस हॅलिबर्टनला पेसर्सकडे देऊन डोमांतास साबोनिसला आणलं, तेव्हा सॅक्रामेंटोत आगपाखड झाली. पुढच्याच वर्षी साबोनिसच्या खेळाने दुष्काळ संपला. आणि 2025 मध्ये त्याच हॅलिबर्टनने पेसर्सना थेट अंतिम फेरीत नेलं. म्हणजे एकच व्यवहार एका वर्षी चूक, दुसऱ्या वर्षी बरोबर आणि चौथ्या वर्षी पुन्हा वादाचा. राग हा निकाल नव्हे, ती तक्रार आहे. तक्रार ऐकून घ्यायची असते, पडताळायची असते.

हरण्याची चार दुःखं

हरणाऱ्या संघाच्या चाहत्याचं दुःख एकाच जातीचं नसतं. वेगवेगळ्या शहरांच्या कथा शेजारी ठेवल्या की त्याचे चार प्रकार दिसतात.

पहिलं दुःख निव्वळ पराभवाचं. डेट्रॉइट पिस्टन्सनी 2023-24 मध्ये सलग 28 सामने गमावले. एका हंगामातला हा विक्रम. त्या वर्षी 82 पैकी फक्त 14 सामने जिंकले. घरच्या कोर्टवर ‘संघ विका’ अशा घोषणा घुमल्या. पुढच्या वर्षी नवे प्रशिक्षक आले, 44 सामने जिंकले आणि संघ बाद फेरीत पोचला. हे दुःख खोल असतं, पण बरं होणारं असतं. एक चांगला हंगाम त्यावर पुरेसा होतो.

दुसरं दुःख कारभाराचं. सॅक्रामेंटोचं बरंचसं दुःख या जातीचं. डॅलसचं त्याहून तीव्र. 2024 मध्ये अंतिम फेरी खेळलेल्या डॅलसने 2025 च्या फेब्रुवारीत डॉन्चिचला लेकर्सकडे देऊन टाकलं. चाहत्यांनी स्टेडियमबाहेर शवपेटी आणून ठेवली. संघाचे महाव्यवस्थापक निको हॅरिसन यांना काढा, ही घोषणा सामन्यांत वारंवार होऊ लागली. नऊ महिन्यांनी, 11 नोव्हेंबर 2025 रोजी, हॅरिसन यांना पदावरून दूर केलं. डॉन्चिच काही परत आला नाही.

तिसरं दुःख मुद्दाम हरण्याचं, आणि ते समजून घ्यायला बास्केटबॉलची व्यवस्था समजून घ्यावी लागते. एनबीएत 30 संघ आहेत आणि तळाला गेलेला संघ लीगबाहेर जात नाही. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये शेवटच्या तिघांना खालच्या श्रेणीत उतरावं लागतं, इथे तसं नाही. उलट, जे संघ बाद फेरीला मुकतात त्यांच्यात ड्राफ्टच्या पहिल्या क्रमांकांसाठी सोडत होते आणि तळातल्यांना तिच्यात झुकतं माप असतं. दुर्बळाला हात द्यावा हा त्यामागचा चांगला हेतू. पण बास्केटबॉलमध्ये कोर्टवर पाचच खेळाडू असतात. एक असामान्य खेळाडू संघाचं नशीब पालटू शकतो, म्हणून काही व्यवस्थापनं हरण्याचाच बेत आखतात. फिलाडेल्फियाने 2013 ते 2016 या तीन हंगामांत अनुक्रमे 19, 18 आणि 10 सामने जिंकले. ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ हे तिथलं ब्रीद झालं. जोएल एम्बीडसारखा मोठा खेळाडू त्यातून मिळाला, पण 2025 पर्यंत तरी संघ दुसऱ्या फेरीपलीकडे गेला नाही. लीगने 2019 पासून नियम बदलून तळातल्या तिन्ही संघांची पहिल्या क्रमांकाची शक्यता सारखीच, 14 टक्के, केली. तरी मोह पुरता संपला नाही.

यात चाहत्याची जी कुचंबणा होते ती मला सर्वांत क्रूर वाटते. आपला संघ जिंकताना आनंद व्हावा की भविष्य हातचं गेलं म्हणून वाईट वाटावं? ज्या खेळात चाहत्यालाच पराभवाची इच्छा करावी लागते, त्या खेळाने चाहत्याशी केलेला करार मोडलेला असतो.

चौथं दुःख संघ निघून जाण्याचं. सिॲटलचा सुपरसॉनिक्स संघ 41 वर्षं त्या शहरात होता. 1979 चं विजेतेपद त्याने शहराला दिलं होतं. 2008 मध्ये तो ओक्लाहोमा सिटीला नेण्यात आला. 2025 मध्ये ओक्लाहोमा सिटी विजेती झाली, तेव्हा सिॲटलमध्ये ज्यांनी टीव्ही लावला नाही त्यांची मनःस्थिती मी समजू शकतो.

संघाचं जाणं आणि गावाचं जाणं यांची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. उलव्यात राहणाऱ्याला तो करवणारही नाही. नवी मुंबई विमानतळासाठी मूळ उलवे गाव हललं, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी हलली, उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं. आमच्या सेक्टरांच्या इमारतींवर ते नाव राहिलं, गाव दुसरीकडे गेलं. त्या कुटुंबांनी घरं, देवळं, शेतं मागे ठेवली. खेळातलं नुकसान त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण या भागात राहून एक गोष्ट कळते. नाव राहिलं म्हणजे जागा राहिली असं नसतं, आणि जागेचा निर्णय जागेवरच्या माणसाला न विचारता झाला की त्याचा सल पिढ्यान्‌पिढ्या जात नाही.

आपल्या अंगणात

महाराष्ट्रात व्यावसायिक बास्केटबॉलची स्थिर लीग अजून रुजलेली नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या यूबीए लीगमध्ये मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज असे संघ होते. दोन-तीन वर्षांत ती लीगच विरली. त्या संघांचे चाहते वैतागायच्या आधीच संघ संपले. निराश होण्यासाठीसुद्धा संघ काही काळ टिकावा लागतो.

म्हणून आपल्याकडची खरी उदाहरणं कबड्डी, फुटबॉल आणि क्रिकेटची.

यू मुंबा हा प्रो कबड्डीच्या पहिल्या तीन हंगामांचा राजा. 2014 मध्ये उपविजेता, 2015 मध्ये विजेता, 2016 च्या सुरुवातीला पुन्हा उपविजेता. कप्तान अनुप कुमार. उरण, पेण, पनवेल, अलिबाग या कबड्डीवर जगणाऱ्या पट्ट्यात तेव्हा घराघरांत त्यांचे सामने लागायचे. पुढे सातत्य गेलं, आणि आठव्या ते दहाव्या अशा सलग तीन हंगामांत संघ बाद फेरीबाहेर राहिला. पण कबड्डी जाणणाऱ्या माणसाची तक्रार वेगळीच असते : ‘पोरं ठेवत नाहीत.’ सहाव्या हंगामात चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईने यू मुंबासाठी 218 चढाई-गुण घेतले. ओठांवर त्याचं नाव रुळतंय तोवर पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनी त्याला 1 कोटी 45 लाखांना नेलं. लिलाव दर खेपेला संघाचा चेहरा पुसून नवा काढतो. चाहत्याने ओळख कुणाशी ठेवायची?

दुसरी तक्रार घराची. दहाव्या हंगामात यू मुंबाचे घरचे सामने 5 ते 10 जानेवारी 2024 या काळात वरळीच्या डोममध्ये झाले. हा तोच डोम, जिथे भाचीने ‘आपण’ म्हणायला सुरुवात केली होती. दोन दिवसांनी, 12 जानेवारीला, अटल सेतूचं उद्‌घाटन झालं आणि उरणची लोकलही सुरू झाली. उलव्याहून वरळी इतकी जवळ कधीच नव्हती. पण त्यानंतरच्या दोन हंगामांत मुंबईत सामनेच झाले नाहीत. अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा, पुणे या तीन शहरांत झाला, बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्लीत. रस्ता आला आणि सामना गेला. मुंबईच्या नावाचा संघ मुंबईला दिसत नाही, हे दुःख गुणतालिकेत कुठे मांडणार?

पुणेरी पलटणची कथा मात्र धीर देणारी आहे. पहिल्या दोन्ही हंगामांत हा संघ तळाला होता. पुढेही मधली काही वर्षं चाचपडण्यात गेली. मग संघाने तरुण खेळाडू हेरले, त्यांच्यावर मेहनत घेतली आणि त्यांना सांभाळलं. नवव्या हंगामात उपविजेतेपद मिळालं. 1 मार्च 2024 रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली हरियाणा स्टीलर्सना 28-25 असं हरवून पलटण विजेती झाली. बालेवाडीला पहिल्या वर्षी हुर्यो ऐकून परतलेल्या चाहत्याला वाढत जाणारी मुलं डोळ्यांसमोर दिसत होती, म्हणून तो थांबला. थांबायला काहीतरी दिसावं लागतं.

त्याच बालेवाडीत फुटबॉलची उलट कथा घडली. 2014 मध्ये सुरू झालेला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गुंडाळला गेला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. हैदराबादने 2021-22 मध्ये विजेतेपद पटकावलं. पुण्याच्या चाहत्याच्या हाती जुनी जर्सी राहिली. सिॲटल आणि पुणे यांच्यात अंतर वाटतं तितकं नाही.

राग कुठे जातो

1976 मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामन्यांचे निकाल विचारले. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ असं जास्त म्हणायचे, हरलेल्याबद्दल ‘ते हरले’. विजयाचा उजेड अंगावर घ्यायचा आणि पराभवाची सावली दुसऱ्यावर टाकायची, हा माणसाचा स्वभाव. मला मात्र यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. हरल्यावरही जो ‘आम्ही’ म्हणतो, तो संघाला काहीतरी देत असतो. भाचीने पाच वर्षं हरल्यावर ‘आपण’ म्हटलं. ते कुणी पैसे देऊन विकत घेऊ शकत नाही.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी 1970 मध्ये सांगितलं की ढासळत्या संस्थेपुढे माणसाकडे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. निष्ठा त्याला सोडून जाऊ देत नाही, म्हणून तो बोलतो. चाहत्याचा आरडाओरडा हे निष्ठा संपल्याचं लक्षण नाही. ज्याची निष्ठा संपली तो गप्प होतो.

पण आवाज कुणावर उठवायचा? इथे आपण, महाराष्ट्रातले प्रेक्षक, एकदा सपशेल चुकलो आहोत. 2023 च्या डिसेंबरमध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्माकडून कर्णधारपद काढून हार्दिक पांड्याला दिलं. निर्णय व्यवस्थापनाचा होता. हुर्यो मात्र हार्दिकची झाली. 1 एप्रिल 2024 रोजी वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी ती इतकी वाढली की समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. संघ 14 पैकी चारच सामने जिंकून तळाला गेला. 29 जूनला भारताने टी-20 विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्याचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयजयकार झाला. तीन महिन्यांत माणूस बदलला नव्हता. आपला राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता. निर्णय घेणारे काचेमागे बसतात आणि खेळणारा समोर उभा असतो. दगड समोरच्याला लागतो.

योग्य पत्त्यावर गेलेल्या रागाचं उदाहरण पुन्हा सॅक्रामेंटोनेच दिलं आहे. तेव्हाचे मालक मालूफ बंधू संघ आधी ॲनहाइमला नेऊ पाहत होते, नंतर सिॲटलच्या गटाला विकू पाहत होते. 13 एप्रिल 2011 रोजी हा घरचा शेवटचा सामना ठरेल या भीतीने लोक सामना संपल्यावरही जागचे हलले नाहीत. त्यांनी माहितीपट काढला, नगरपालिकेच्या बैठका भरवून टाकल्या. स्वतः एनबीए खेळलेले महापौर केविन जॉन्सन यांनी खरेदीदार शोधले आणि नवं स्टेडियम बांधण्याची तयारी दाखवली. 2013 च्या मे महिन्यात लीगच्या मालकांनी 22 विरुद्ध 8 मतांनी स्थलांतर नाकारलं. रणदिवे यांच्या हाती संघ आला तो या चळवळीमुळे. लोकांनी त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं, म्हणून ते आत येऊ शकले. नव्या स्टेडियमसाठी शहराने 25 कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. ती ज्यांच्या खिशातून गेली त्यांतल्या अनेकांनी तिकीट कधीच काढलेलं नसेल.

देणं कोणाचं

किंग्जचं मूल्य 2013 च्या व्यवहारात सुमारे 53 कोटी डॉलर धरलं गेलं होतं. दुष्काळाची उरलेली नऊ वर्षं चालू असतानाही ते अनेक पटींनी वाढलं, कारण प्रक्षेपणाचा पैसा सगळ्या संघांत वाटला जातो. 2025-26 पासूनचा एनबीएचा करार 11 वर्षांचा आणि 7,600 कोटी डॉलरचा आहे. कोर्टवर हरणारा मालक हिशेबाच्या वहीत हरत नाही. पराभवाची किंमत खऱ्या अर्थाने मोजतो तो चाहता, आणि व्यवहारात बोलायची जागा त्याला सर्वांत कमी असते.

यावर जगाने काही उत्तरं शोधली आहेत. अमेरिकन फुटबॉलमधला ग्रीन बे पॅकर्स हा संघ 1923 पासून लोकांच्या भागांवर चालतो आणि लहान शहर असूनही तिथून हललेला नाही. जर्मन फुटबॉलमध्ये क्लबच्या मतांचं बहुमत सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे. आपल्याकडे लगेच असं होणार नाही. पण आपल्या लीग अजून तरुण आहेत, नियम अजून ओले आहेत, आणि तीन गोष्टी आजच मागता येतील.

एक, शहराचं नाव घेणाऱ्या संघाने दर हंगामात त्या शहरात काही सामने खेळलेच पाहिजेत. दोन, लिलाव किती वेळा आणि कसा, यात संघाला आपले घडवलेले खेळाडू जास्त काळ ठेवता आले पाहिजेत. पलटणने काय मिळवलं ते समोर आहे. तीन, संघ विकायचा, हलवायचा किंवा बंद करायचा झाला तर चाहत्यांच्या मंडळांना आधी सांगून त्यांचं म्हणणं ऐकलं पाहिजे. यातलं काहीही विजयाची हमी देत नाही. विजयाची हमी चाहता मागतही नाही. आपण कुठल्या वाटेवर आहोत हे कुणीतरी सांगावं आणि ती वाट चार वर्षं तरी टिकावी, एवढंच त्याचं मागणं असतं.

आमच्या सोसायटीच्या मागे एक अर्धं कोर्ट आहे. रिंगची जाळी गेल्या पावसाळ्यात सडून गेली, नुसतं कडं उरलं आहे. भाची रविवारी तिथे लहान मुलांना फ्री थ्रो शिकवते. परवा एका मुलाने विचारलं, ‘ताई, तुझा संघ कुठला?’ ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, ‘किंग्ज. हरतात बरेच.’

‘मग दुसरा घे ना.’

‘संघ असा घेत नाहीत,’ ती म्हणाली आणि चेंडू त्याच्या हातात दिला. ‘टाक. गुडघे वाकव आधी.’

तिच्या तोंडून ‘आपण’ अजून परतलेलं नाही. पण ती त्यांना सोडूनही गेलेली नाही. एवढ्या अवकाशात अजून काही करता येण्यासारखं आहे, आणि ते करायची पाळी आता तिची नाही.